झेन १९९८ : इंजिन ऑईल गळायलंय. बाटली ओतू का गिअरबॉक्स उतरवू?

शहापूरवाला (मंगळवार, रात्री ९.५०)

मंडळी, नमस्कार. गाडी झेन, १९९८ ची, कार्बोरेटरवाली, केए-२२ म्हणजे बेळगावची. बाबांची. बाबा गेले, गाडी राहिली. २०२३ ला तिसऱ्यांदा आर.सी. रिन्यू करून घेतलीय, म्हणजे मी काही अगदीच हेळसांड करणारा नाही.

गेले दोन महिने इंजिन ऑईल गळायलंय. दारात शहाबादी फरशी आहे. रात्री गाडी लावली की सकाळी फरशीवर तळहाताएवढा डाग. आई पहाटे सडा-रांगोळीला उठते. ती आता रांगोळी दोन हात सरकवून काढते आणि काढताना मला ऐकू येईल इतक्याच आवाजात काहीतरी म्हणते. कालपासून गाडीखाली जुना पेपर पसरायलाही सुरुवात केलीय तिनं.

हजार किलोमीटरला पाऊण लिटर ऑईल वर घालायला लागतंय. सायलेन्सरमधून धूर नाही. डाग पडतो तो इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जुळतात, बरोबर त्याच्या खाली. एका गॅरेजला दाखवलं. मेस्त्रीनं खालून टॉर्च मारला, बोट फिरवलं, वास घेतला आणि निकाल दिला: "क्रँकचा (इंजिनच्या मुख्य शाफ्टचा) मागचा सील गेलाय. गिअरबॉक्स उतरवायला लागतोय." सील तीन-चारशेचा, मजुरी साडेचार हजार. उतरवलाच आहे तर क्लच प्लेट पण बघू, असं करत करत आकडा दहाच्या पुढं गेला.

परत येताना पार्टच्या दुकानात काउंटरवर एक बाटली दिसली. 'ऑईल स्टॉप लीक', इंजिन ऑईलमध्ये ओता, गळती बंद. दुकानदार म्हणाला, बरेच जण नेतात, परत कुणी तक्रार घेऊन आला नाही. (परतच आला नाही, असंही असू शकतं.) साडेपाचशे देऊन आणलीय. डॅशबोर्डवर पडलीय. फोडायच्या आधी इथं विचारतो. चालतं का हे खरंच? इंजिनची वाट लागत नाही ना?

पावशेर_पेट्रोल (रात्री १०.०५)

चिरमुऱ्याची वाटी घेऊन बसलोय. येऊ द्या.

मेटॅडोर_निपाणी (रात्री १०.३०)

शहापूरवाला, बाटली नवीन असेल, युक्ती जुनी हाय बाबा. मी मेटॅडोर चालवायचो तेव्हा निपाणीतनं तंबाखूची बोदं घेऊन जायचो. तवंदीच्या घाटात एकदा रेडिएटर फुटला. फुटला म्हणजे नळीला सुईएवढं भोक, त्यातनं पाण्याची पिचकारी. रात्रीचे अकरा. क्लीनर पोरगं घाबरलेलं. मागं बोदांबरोबर कुणाच्या तरी घरची हळदीची पिशवी होती, सांगलीची. इंजिन जरा निवू दिलं, दोन मुठी हळद रेडिएटरात, वर पाणी, आणि इंजिन चालू. पाच-सात मिनिटांत पिचकारीची धार झाली, धारेचं थेंब झालं, थेंब पण थांबला. संकेश्वरापर्यंत काय, बेळगावापर्यंत आलो. पोरगं म्हणालं, मामा, इंजिनला पण जखमेला लावत्यात तशी लावलीसा की.

त्यामुळं बाटलीला मी नावं ठेवत नाही. खरं एक सांगतो. नंतर तो रेडिएटर झाळायला दिला तर झाळणारा मला अर्धा तास शिव्या घालत होता. निम्म्या नळ्या पिवळ्या लगद्यानं बुजलेल्या. पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागली ती त्यामुळंच.

उद्यमबाग_फौंड्री (बुधवार, सकाळी ७.४०)

मेटॅडोरकाका, किस्सा झकास. आणि गंमत बघा, परदेशी रेडिएटर स्टॉप लीकच्या काही गोळ्यांत चक्क वाळवलेल्या आल्याची पूड असते. आलं आणि हळद एकाच घरातल्या. काम पण तेच करतात: गरम पाण्यात तंतू फुगतात, पाण्याबरोबर फिरतात आणि जिथनं पाणी बाहेर निघालंय तिथं अडकतात. खरं त्यांना भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. बारीक जागा दिसली की बसले. म्हणून तुमचा रेडिएटर बुजला, आणि हीटर असलेल्या गाडीत आधी हीटरचा कोअर बुजतो.

शहापूरवाला, तुमची बाटली त्या जातीची नाही. इंजिन ऑईलच्या बाटलीत बुजवणारं काही नसतं (नसावं. 'कण आहेत' असं लिहिलं असेल तर गटारात पण ओतू नका, दुकानदाराला परत द्या). त्यात रबर फुगवणारं द्रव्य असतं. ऑईल सील म्हणजे रबराची ओठासारखी कडा, मागनं बारीक गोल स्प्रिंग, फिरत्या शाफ्टला चिकटून बसलेली. रबर मऊ राहावं म्हणून त्यात जे द्रव्य घातलेलं असतं ते वर्षानुवर्षं गरम तेलात राहून निघून जातं. कडा कडक होते, अंगणात राहिलेल्या रबरी चपलेच्या पट्ट्यासारखी. शाफ्ट फिरतो, कडा त्याच्याबरोबर वाकत नाही, फटीतनं तेल निघतं. बाटलीतलं द्रव्य रबर शोषून घेतं, कडा थोडी फुगते, थोडी मऊ होते, फट मिटते. यात जादू काही नाही, आणि फसवाफसवी पण नाही.

आता कुठं चालत नाही ते ऐका. कडा फाटली असेल तर नाही. शाफ्टवर कडेनं खाच पाडली असेल तर नाही. आणि जिथं रबरच नाही, म्हणजे कागदी पॅकिंग, बुचाचं पॅकिंग, शेलॅक किंवा सिलिकॉन लावून बसवलेलं चेंबर (इंजिनखालची ऑईलची टाकी), तिथं तुम्ही दहा बाटल्या ओता. फुगायला काही असलं तर फुगेल ना?

आणखी एक. ते द्रव्य मागच्या सीललाच शोधत जात नाही. इंजिनातल्या सगळ्याच रबराला लागतं, चांगल्या सीललाही. दर ऑईलला ओतत राहिलात तर रबर मऊ पडत पडत लिबलिबीत होतं, कडा झिजते आणि मग पहिल्यापेक्षा जास्त गळतं. एकदा ठीक. सवय नको.

पावशेर_पेट्रोल (सकाळी ८.१०)

फौंड्रीवाले रबरावर पीएचडी करून आलेत काय?

उद्यमबाग_फौंड्री (सकाळी ८.२५)

नाही हो. शेजारचा शेड हायड्रॉलिकचा आहे. तिथं रोज सील बदलतात. दुपारी चहाला बसलं की दुसरं बोलणंच नाही.

अथणीची_डॉक्टरीण (सकाळी ११.१५)

माझा अनुभव इंजिनचा नाही, पॉवर स्टिअरिंगचा आहे. गाडी सॅन्ट्रो झिंग. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की बोनेटमधून कण्हल्यासारखा आवाज, आणि डबीतलं तेल पंधरा दिवसांत खाली. मेस्त्री म्हणाला, रॅक (चाकं वळवणारा स्टिअरिंगचा खालचा भाग) उतरवून कोल्हापूरला पाठवायला लागेल, शिवाजी उद्यमनगरात कुणीतरी करून देतं. त्या महिन्यात मुलीच्या कॉलेजची फी होती. पॉवर स्टिअरिंगच्या स्टॉप लीकची बाटली आणली. डबीतलं थोडं तेल सिरिंजनं काढलं (सिरिंज घरात भरपूर) आणि तेवढीच बाटली ओतली.

आठवड्यात फरक दिसला. तेल उतरायचं जवळजवळ थांबलं आणि चौदा महिने थांबून राहिलं. मग एका बाजूचा रबरी बूट हाताला जड लागायला लागला, दाबला तर आत तेलच तेल. तेव्हा रॅक केला. मला पश्चात्ताप नाही. आमच्याकडे पण काही आजारांना आम्ही आधी गोळी देतो आणि ऑपरेशनची तारीख नंतर ठरवतो. फक्त पेशंटला ते सांगून देतो.

चोर्ला_चारचाकी (दुपारी १.०५)

चांगला धागा. माझ्या गाडीत ब्रेक ऑईल उतरालंय. महिन्याला बोटभर. तीच बाटली थोडी ब्रेकच्या डबीत टाकली तर? रबर तर तिथं पण आहे.

उद्यमबाग_फौंड्री (दुपारी १.०९)

नको!! अजिबात नको. हात बाजूला घ्या आधी.

ब्रेकच्या आतलं रबर वेगळं असतं. ते ब्रेक फ्लुइडसाठी बनवलेलं असतं, आणि ब्रेक फ्लुइड हे खनिज तेल नाही. इंजिन ऑईल, पॉवर स्टिअरिंगचं ऑईल, तुमची ही बाटली, यातलं काहीही चमचाभर गेलं तरी मास्टर सिलिंडरमधले कप फुगून बसतात. आधी ब्रेक चिकटतात, मग सुटतच नाहीत किंवा लागतच नाहीत. आणि तुम्ही चोर्ला घाट उतरणार. मास्टर सिलिंडरचं किट फार महागाचं नाही. चाकातला सिलिंडर ओला दिसतोय का तेवढं बघून घ्या, तिथंच गळत असणार.

अथणीची_डॉक्टरीण (दुपारी १.३०)

+१. याला गोळी नाही.

चोर्ला_चारचाकी (दुपारी २.४०)

गॅरेजमध्येच आलोय. मागचं डावं चाक. आतून ड्रम ओलाचिंब. आभारी आहे.

पानाची_टपरी_रस्त्यावर (संध्याकाळी ६.२०)

मूळ प्रश्नाकडे या की. शहापूरवाला, मागचाच सील गेलाय हे कशावरून? मेस्त्रीनं खालनं बघितलं आणि सांगितलं. खालनं बघितलं तर सगळ्याच गाड्यांचा मागचा सील गेलेला दिसतो. तेल वरनं खाली येतं आणि गाडी चालताना वाऱ्यानं पुढनं मागं जातं. त्यामुळं सगळ्यात खाली-मागं जिथं ओलं, ते शेवटचं स्टेशन असतं, सुटायचं नाही. सुटायचं स्टेशन शोधायचं तर सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं कुठं ओलं आहे ते बघायचं.

मी वीस वर्षं पार्ट विकतोय. झेनच्या मागच्या सीलला जेवढे लोक गिअरबॉक्स उतरवून आले त्यातले कित्येक आठवड्यानं परत आले, "गळणं थांबलंच नाही" म्हणून. झेनमध्ये डिस्ट्रिब्युटर (मेस्त्री लोक डेल्को म्हणतात तो) हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, टोकाला, बरोबर गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. त्याच्या मानेत एक रबरी रिंग असते. पंचवीस वर्षांत ती दगड होते. तिथनं तेल पाझरतं, हेडवरनं ओघळतं, गिअरबॉक्सच्या जोडावर येतं आणि खालनं थेंब पडतो. कुठं? बरोबर मागचा सील गळला तर जिथं पडला असता तिथंच.

आता करायचं ते. इंजिन गार असताना ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन हेडचं ते टोक, टॅपेट कव्हरच्या कडा, गिअरबॉक्सचा जोड स्वच्छ करा. फडक्यानं कोरडं पुसा. डिझेल सायलेन्सरच्या बाजूला राहू देऊ नका, तापल्यावर पेट घेईल. मग अंगाला लावायची पावडर, घरात असेल ती, त्या सगळ्या भागावर भुरभुरवा. बेल्टवर आणि वायरींवर नको. दहा-पंधरा किलोमीटर फिरून या आणि बोनेट उघडा. पांढऱ्यावर तपकिरी ओघळ कुठनं सुरू झालाय ते आंधळ्याला पण दिसेल.

आणि ब्रीदरचा पाईप काढून बघा. तो चोंदला की इंजिनातली हवा कोंडते आणि मिळेल त्या सीलमधनं तेल ढकलते. तसल्या इंजिनात बाटली ओतली काय आणि नवे सील घातले काय.

शहापूरवाला (संध्याकाळी ७.००)

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारी करतो.

मेटॅडोर_निपाणी (रात्री ९.१५)

पावडरची युक्ती भारी. आमच्या वेळेला पेट्रोलची टाकी पाझरली की धुण्याच्या साबणाची वडी घासायचो. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही. आठवडा निघायचा.

नवीन_हेड (रात्री १०.५०)

अवांतर होतंय, तरी विचारतो. माझ्या गाडीत हेड पॅकिंग (हेड गॅस्केट) गेलंय, ऑईल ताकासारखं झालंय. हेड गॅस्केटची पण बाटली मिळते म्हणे, दोन हजाराला?

उद्यमबाग_फौंड्री (रात्री ११.२०)

ऑईल ताकासारखं झालं म्हणजे पाणी ऑईलमध्ये उतरलंय. गाडी चालू करू नका, बेअरिंग जातील. टो करून न्या.

त्या बाटल्यांत बहुतेक सोडियम सिलिकेट असतं. ते मला माझ्या घरच्यासारखं ओळखीचं. आमच्या फौंड्रीत वाळूत सिलिकेट मिसळतो, साचा दाबतो, वरनं कार्बन डायऑक्साइड सोडतो. मिनिटाभरात वाळू दगडासारखी. हेडमध्ये ते गॅसनं नाही, उष्णतेनं कडक होतं, फटीत काचेसारखं बसतं. बारीक फट असेल, पाणी फक्त बाहेर किंवा सिलिंडरमध्ये थोडं जात असेल, गाडी उद्या भंगारातच द्यायची असेल, तर नशीब आजमावा. पाण्याच्या वाटेतच ते राहायला पाहिजे. ऑईलमध्ये गेलं तर काय होतं याचं उदाहरण आहे: २००९ साली अमेरिकेत सरकारनं जुन्या गाड्या मोडीत काढायची योजना आणली, तेव्हा ती इंजिनं परत वापरली जाऊ नयेत म्हणून ऑईल काढून त्या जागी हेच सिलिकेट भरायचे आणि इंजिन पळवायचे. काही मिनिटांत जाम.

नवीन_हेड (रात्री ११.२४)

दोन हजार वाचले. वीस जाणार.

शहापूरवाला (रविवार, दुपारी ४.३०)

अपडेट. सकाळी पावडर केली. शेजारचा नववीतला पोरगा मदतीला होता, त्यानं गाडीला पावडर लावतोय म्हणून अख्ख्या गल्लीला सांगितलं. हिंडलगा, मग काकती करून परत. बोनेट उघडलं तर टॅपेट कव्हर पांढरंशुभ्र, आणि डेल्कोच्या मानेखालून उदबत्तीच्या काडीएवढा तपकिरी ओघळ, सरळ खाली गिअरबॉक्सपर्यंत. पोरगा ओरडला, काका, सापडला!

दुपारी दुसऱ्या मेस्त्रीकडे गेलो. कन्नड बोलणारे, वयस्कर. डॅशबोर्डवरची बाटली बघूनच म्हणाले, "हाकब्याड्री साहेब." म्हणजे ओतू नका. म्हटलं, अजून ओतली नाही. त्यांनी आधी व्हाईटनरनं डेल्कोच्या पट्टीवर आणि हेडवर एक रेघ मारली, म्हणजे परत बसवताना टायमिंग हलायला नको. दोन बोल्ट, डेल्को बाहेर. जुनी रिंग स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं उचलली तर तिचे तीन तुकडे झाले, बांगडी फुटावी तसे. नवी रिंग चाळीस रुपये. मजुरी अडीचशे. ब्रीदरचा पाईप काढला तर आत डांबर. तो धुतला त्याचे पैसे घेतले नाहीत.

पानाची_टपरी_रस्त्यावर (संध्याकाळी ५.००)

तुकडे जपून ठेवा. पहिल्या मेस्त्रीला दाखवायला.

शहापूरवाला (संध्याकाळी ५.१०)

नको, भांडण कशाला. त्याची नजर खालीच गेली, एवढंच.

शहापूरवाला (तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८.४५)

पुढची बातमी, आणि थोडी लाज. रिंग बदलल्यावर तळहाताएवढा डाग आठ आण्याच्या नाण्याएवढा झाला, पण गेला नाही. परत पावडर केली. या वेळी वरचं सगळं कोरडं, ओल फक्त खालच्या जोडातून. म्हणजे मागचा सील पण थोडा पाझरतोय. पहिला मेस्त्री अगदीच खोटं बोलत नव्हता.

क्लच वंटमुरीच्या चढाला घसरत नाही, म्हणजे तेल प्लेटपर्यंत गेलेलं नाही. तेवढ्याशा थेंबासाठी गिअरबॉक्स उतरवायचं जिवावर आलं. मग बाटली ओतली. ऑईल बदलायला आलंच होतं, तेव्हा तेवढं कमी ऑईल घालून, गेजच्या वरच्या खुणेच्या आत ठेवून. आणि मेस्त्री म्हणाले म्हणून २०डब्ल्यू-४० ऐवजी जरा जाड, २०डब्ल्यू-५० घातलं. सहाशे किलोमीटर झालेत. गेले आठ दिवस पेपर कोरा.

उद्यमबाग_फौंड्री (रात्री ९.०५)

अहो! बाटली आणि जाड ऑईल एकाच दिवशी? आता थांबलं ते कशानं थांबलं हे तुम्हाला तरी कळणार का? शाळेत प्रयोगवही नव्हती काय?

शहापूरवाला (रात्री ९.१२)

होती. मार्क पण असेच पडायचे.

अथणीची_डॉक्टरीण (रात्री ९.३०)

पुढच्या ऑईलला बाटली न घालता फक्त जाड ऑईल घाला, मग कळेल. तोपर्यंत गेज दर रविवारी. बाहेर गळायचं थांबलं म्हणजे आत संपत नाही असं नसतं.

मेटॅडोर_निपाणी (रात्री ९.४०)

आणि रांगोळी? आईनं जागेवर आणली का?

शहापूरवाला (रात्री ९.५५)

नाही. दोन हात लांबच आहे अजून. पेपरही रोज घालते. सकाळी उचलते, उजेडाला धरून बघते, कोरा असेल तर घडी घालून रद्दीत ठेवते. आज म्हणाली, रद्दीवाला तेलकट पेपर घेत नाही म्हणून बघते, तुझ्या गाडीसाठी नाही.